निनावी रेषांचा धनी

दिल्ली किंवा कलकत्ता येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा दिवस मेट्रोच्या डब्यात सुरू होतो. दाराच्या माथ्यावर रंगीत रेषांचा एक नकाशा लावलेला असतो. आपण तो रोज पाहतो आणि त्यावर रोज विसंबतो, परंतु काटेकोरपणे पाहिले तर तो नकाशाच नव्हे. त्यात अंतरांचे प्रमाण नसते, वळणे खरी नसतात, दिशाही अंदाजानेच दाखविलेल्या असतात. तरीही कोठे बसावे, कोठे उतरावे आणि कोठे गाडी बदलावी, हे तो क्षणात सांगतो. जगातील बहुतेक भुयारी रेल्वेंनी आज पत्करलेल्या या रीतीचा उगम लंडनमध्ये, 1931 साली, एका हंगामी आरेखकाच्या वहीत झाला. त्याची कथा आम्हांस सांगावीशी वाटते, ती केवळ कुतूहलाची म्हणून नव्हे. मोठ्या संस्थेत राहून काही नवे घडविणाऱ्या माणसाला कोणती गोष्ट कामास लावते आणि कोणती गोष्ट त्याचे मन मोडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तीत सापडतात.

लंडनच्या भुयारी रेल्वेला त्या काळी कलेचा आश्रयदाता म्हणून मोठा लौकिक होता. त्याचे श्रेय फ्रँक पिक या कारभाऱ्याकडे जाते. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थाकडे 1908 मध्ये जाहिरातीचे काम आले आणि पुढील तीस वर्षांत त्याने संस्थेचे रूपच पालटून टाकले. एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडून त्याने संस्थेसाठी स्वतंत्र अक्षरवळण करवून घेतले. ते 1916 मध्ये तयार झाले. भित्तिपत्रकांसाठी नामांकित चित्रकार आणि स्थानकांसाठी चार्ल्स होल्डनसारखा वास्तुशिल्पी त्याने निवडला. स्वतः मात्र त्याने सरदारकीचा किताब नाकारला. थोडक्यात, गुणांची पारख असलेली ही संस्था होती. पुढील हकीगत वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या संस्थेची एक अडचण मात्र सुटत नव्हती. मार्ग वाढत चालले होते आणि नकाशा भूगोलाशी प्रामाणिक राहू पाहत होता. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्थानकांची नावे एकमेकांवर आदळत, तर उपनगरांचे दूर पसरलेले फाटे कागदावर मावत नसत. हेन्री बेक, ज्यास सारे हॅरी म्हणत, हा सिग्नल खात्यातील आरेखक होता. त्याचा जन्म 1902 चा. नोकरी हंगामी, मंदीच्या त्या दिवसांत कधी कामावर, तर कधी बाहेर, अशी त्याची अवस्था. नकाशा हे त्याचे कामही नव्हते, ते जाहिरात खात्याचे. कोणी त्याला तसे सांगितलेही नव्हते. परंतु गुंता दिसला की तो सोडवल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, अशा जातीचा तो माणूस होता.

त्याने ओळखले की, जमिनीखाली गेलेल्या प्रवाशाला वर कोणता रस्ता आहे याच्याशी कर्तव्य नसते. त्याला हवा असतो तो केवळ क्रम आणि जोड. म्हणून त्याने सर्व मार्ग उभ्या, आडव्या आणि पंचेचाळीस अंशांच्या तिरप्या रेषांत बसविले, स्थानके सारख्या अंतरावर मांडली, मध्यभाग मोठा केला आणि उपनगरे जवळ ओढली. जमिनीवरील एकच खूण त्याने राखली, ती थेम्स नदीची. तीही त्याच शिस्तीत वळविलेली.

हा आराखडा त्याने 1931 मध्ये जाहिरात खात्याकडे धाडला. तो परत आला. त्यात फारच क्रांतिकारक बदल आहे, असे वरिष्ठांस वाटले. भूगोल सोडून दिलेला नकाशा लोकांस कसा रुचावा? बेकने वर्षभराने तो पुन्हा पाठविला, आणि या खेपेस तो स्वीकारला गेला. जानेवारी 1933 मध्ये लाखो खिशातील प्रती छापण्यात आल्या आणि नव्या धर्तीविषयी अभिप्राय कळवावा, अशी विनंतीही प्रवाशांस करण्यात आली. लोकांनी अभिप्राय दिला तो प्रती संपवून. महिन्याभरात फेरछपाई करावी लागली. वरिष्ठांची भीती वायफळ होती, हे प्रवाशांनीच सिद्ध केले.

या कामाचा मोबदला म्हणून बेकच्या हाती थोडक्या गिनी पडल्या. तेव्हा द्रव्याची प्रेरणा येथेच बाद होते. कचेरीतील सहकारी त्याच्या नकाशाला विजेच्या तारांच्या आकृतीची उपमा देऊन थट्टा करीत. त्यावर त्याने स्वतःच त्या नकाशाचे विडंबन करून, तारा आणि विद्युत्-उपकरणे दाखविणारे चित्र कर्मचाऱ्यांच्या मासिकात छापविले. स्वतःच्या कृतीची अशी थट्टा करू शकणारा माणूस केवळ मानाचा भुकेला असेल, हे आम्हांस पटत नाही.

त्यापुढे सुमारे सव्वीस वर्षे तो त्याच नकाशावर काम करीत राहिला. नवा फाटा निघाला की सारी मांडणी पुन्हा जुळवायची, गाडी बदलण्याच्या ठिकाणाची खूण अधिक स्पष्ट करायची, एखादा तिरपा मार्ग सरळ करता येतो का ते पाहायचे. 1947 पासून तो मुद्रणकलेच्या विद्यालयात शिकवू लागला, तरी नकाशा सुटला नाही. यापुढील सर्व बदल आपल्याच हातून होतील, असा शब्द संस्थेने दिला आहे, अशी त्याची धारणा होती.

1960 मध्ये स्थानकांवर नवा नकाशा झळकला. त्याची वळणे टोकदार होती, मांडणी अडखळणारी होती आणि तळाशी नाव होते प्रसिद्धिप्रमुख हॅरल्ड हचिसन यांचे. बेकला कोणी विचारले नव्हते. त्याने पत्रे लिहिली, दाद मागितली, संस्थेने दाद दिली नाही. दरम्यान तो घरी बसून नवनवे आराखडे करीतच होता. व्हिक्टोरिया हा नवा मार्ग नकाशात कसा बसेल, हेही त्याने काढून पाहिले. ते कोणी स्वीकारले नाही. हचिसन यांचा नकाशाही टिकला नाही. त्याच संस्थेतील पॉल गार्बट नावाच्या दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने, तेही फावल्या वेळात, नवा आराखडा केला आणि 1964 मध्ये बेकची गोलाई परत आली. बेकचे नाव मात्र परत आले नाही. 1974 मध्ये त्याचे निधन झाले. शतक संपता संपता त्याच्या ऋणाची नोंद नकाशावर छापली जाऊ लागली आणि 2013 मध्ये लेटन येथील त्याच्या जन्मस्थानी स्मृतिफलक लागला.

या हकीगतीतून आम्ही काय घ्यावे? द्रव्य नव्हे, बढती नव्हे, आज्ञाही नव्हे. बेकला आणि त्याच्यानंतर गार्बटला कामास लावले ते समोरच्या गुंत्याने. असे लोक प्रत्येक संस्थेत असतात आणि बहुधा ज्या खात्यात त्यांची अपेक्षा नसते, तेथेच असतात. पिकसारख्या रसिकाच्या संस्थेतही थोर चित्रकारांस निमंत्रणे गेली. पण तिची सर्वांत टिकाऊ आकृती आली ती सिग्नल खात्यातून, न बोलावता. मात्र या प्रेरणेला एक खाद्य लागते. घडविणाऱ्याला बक्षीस नसले तरी चालते. परंतु आपल्या कृतीवर हात चालविताना कोणी आपल्याला विचारीलही नाही, ही जाणीव त्यास सहन होत नाही. बेकचे मन 1931 च्या नकाराने मोडले नाही. ते मोडले 1960 च्या मौनाने.

आपल्याकडील एक उदाहरण येथे आठवते. भारताच्या संविधानाची प्रत हाताने लिहून देणारे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांस मोबदला विचारला असता, त्यांनी पैसा नाकारला आणि प्रत्येक पानावर आपले नाव व शेवटच्या पानावर आपल्या आजोबांचे नाव असावे, एवढेच मागितले, असे सांगतात. त्यांनी मागितले आणि त्यांस मिळाले. बेकने मागितलेलेही याहून फारसे वेगळे नव्हते.

आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य टिपणे, मसुदे आणि तक्ते करण्यात जाते. त्यांवर सही वरच्याची होते, आणि सरकारी कामाचा तो नियमच आहे. त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु आपल्या हाताखालीही कोणी असतो. त्याने न सांगता केलेला एखादा नवा तक्ता उद्या आपल्या मेजावर येईल. तो नाकारायचा असेल तर खुशाल नाकारावा. बदलायचा असेल तर मात्र त्याला बोलावून, समोर बसवून बदलावा. बेकच्या संस्थेला एवढे करण्यास काहीही खर्च आला नसता.