विमानात टॉर्च नेताना: सेल कुठे ठेवायचा, टॉर्च कुठे आणि अडतं नेमकं कशामुळे

आमच्या कुरुंद्यात टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही, बॅटरी म्हणतात. 'बॅटरी घे, बाहेर अंधार आहे', एवढं साधं. गंमत अशी की विमानतळाच्या काउंटरवरही हाच शब्द येतो, पण तिथे त्याचा अर्थ वेगळा असतो. 'बॅगेत बॅटरी आहे का?' असं विचारलं जातं तेव्हा त्यांना प्रकाशाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना आतला सेल हवा असतो. या लेखातला निम्मा घोळ या एका शब्दात आहे, म्हणून पुढे प्रकाश देणाऱ्या वस्तूला टॉर्च आणि आत बसणाऱ्या वस्तूला सेल म्हणूया.

हा प्रश्न गावाकडच्या पोरांना हल्ली का पडतो? वसमत तालुक्यात हळदीला पाणी द्यायचं तर थ्री-फेज लाईट येईल तेव्हा जावं लागतं, आणि ती आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. बांधावर साप, विंचू, मोटरीच्या पेटीजवळ ओल. मोबाईलचा फ्लॅश पायापुरता ठीक, पण वीस पावलांपुढे काय आहे ते दाखवत नाही. त्यामुळे पुण्या-बंगळुरात किंवा आखातात नोकरी करणारा मुलगा वडिलांसाठी चार-सहा हजारांची चांगली एलईडी टॉर्च घेतो आणि सुट्टीत घरी आणतो. अशी टॉर्च सुरक्षा तपासणीत काढून घेतली गेली तर नुसते पैसे जात नाहीत, त्या हंगामाची रात्रही अंधारात जाते.

आधी थेट उत्तर: टॉर्चवर बंदी नाही. किती लुमेनची आहे याच्याशीही नियमाचा संबंध नाही. हजार असो की दहा हजार, कुणी विचारत नाही. अडतं ते सेलमुळे, आणि कधीकधी टॉर्चच्या आकारामुळे.

दोन वेगळ्या भीती

विमानतळावर तुमच्या टॉर्चकडे दोन जण दोन नजरांनी बघतात. तपासणी करणारा जवान (बहुतेक मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफचा) बीसीएएसच्या नियमांनुसार बघतो. त्याचा प्रश्न असतो: ही नळी खरंच टॉर्च आहे का, हिच्या आत काही लपवलंय का, हिनं कुणाला मारता येईल का? विमान कंपनी मात्र डीजीसीएच्या धोकादायक मालाच्या नियमांनुसार बघते. तिचा प्रश्न एकच: ही पेटेल का?

पहिल्या भीतीमुळे भारतात वर्षानुवर्षं सुट्या ड्राय सेलवर हातसामानात आक्षेप घेतला जायचा. कॅमेऱ्यातले, टॉर्चमधले पेन्सिल सेल काढायला लावायचे, किंवा चेक-इन बॅगेत टाका म्हणायचे. घरातल्या जुन्या प्रवाशांच्या डोक्यात हेच पक्कं बसलंय. दुसऱ्या भीतीचा नियम बरोबर उलटा आहे: सुटा लिथियम सेल चेक-इनमध्ये अजिबात नाही, हातसामानातच. म्हणून काका सांगतात 'सेल मोठ्या बॅगेत टाक' आणि काउंटरवरचा माणूस सांगतो 'बाहेर काढा'. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण लिथियमच्या बाबतीत काकांचं ऐकायचं नाही.

हातसामानातच का, हे समजून घेण्यासारखं आहे. लिथियम-आयन सेलच्या आत शॉर्ट झालं की तो तापतो, त्या तापानं आतली रसायनं आणखी उष्णता सोडतात, आणि शेजारचा सेलही त्यात ओढला जातो. याला थर्मल रनअवे म्हणतात. मालाच्या कप्प्यातली हॅलॉन वायूची यंत्रणा ज्वाळा दाबते, पण सेलच्या आत सुरू झालेली ही साखळी तिला थांबवता येत नाही. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून उडालेलं यूपीएसचं ७४७ मालवाहू विमान आगीमुळे कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायलाच बंदी आली. केबिनमध्ये मात्र धूर दिसतो, वास येतो आणि माणूस पोहोचतो. १९ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात सीटच्या खिशातली पॉवर बँक पेटली. विमान अजून जमिनीवरच होतं, क्रूनं आग आटोक्यात आणली आणि कुणाला काही झालं नाही. तीच पॉवर बँक खाली सामानात असती तर? यानंतर डीजीसीएनं पॉवर बँक आणि सुटे सेल हातसामानातच, आणि तेही वरच्या कप्प्यात न ठेवता, असं बजावलं.

आकडेमोड, जी पाचवीच्या गणिताएवढी आहे

नियम वॅट-अवरमध्ये असतो आणि सेलवर बहुतेक वेळा एमएएच छापलेलं असतं. एमएएच गुणिले व्होल्ट भागिले १०००, की झालं वॅट-अवर. चांगल्या टॉर्चमध्ये दोन सेल जास्त चालतात. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब (शेवटचा शून्य म्हणजे गोल नळी). २१७०० म्हणजे २१ मिमी जाड, ७० मिमी लांब. ३५०० एमएएचचा १८६५०, ३.६ व्होल्टनं, १२.६ वॅट-अवर. ५००० एमएएचचा २१७००, १८ वॅट-अवर.

मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. म्हणजे एका सेलवाली टॉर्च तिच्या जवळपासही जात नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि सुट्या जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर प्रवाशाच्या सामानात नाहीच. सुटे चार २१७०० असतील तर प्रत्येक १८ चा म्हणून मोजला जातो. पण तेच सेल एका बंद पॅकमध्ये जोडलेले असतील तर अख्खा पॅक एक मोजतात: चारचा ७२, चालतो. बारा सेलचा सर्चलाईटचा पॅक २१६, विषय संपला.

आता खरी अडचण. ऑनलाइन आणि बाजारात '९९०० एमएएच' छापलेले १८६५० सेल मिळतात. त्या आकाराच्या डबीत आजच्या तंत्रज्ञानात साधारण ३५०० च्या वर फारसं काही मावत नाही. ९९०० छापणारा कारखाना आकड्याबद्दल खोटं बोलतो, तर आतल्या सुरक्षेबद्दल खरं बोलत असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं प्लास्टिक चढवलेले सेल याच जातीचे. ज्या सेलवर काहीच छापलेलं नाही, तो तपासणीत अडवला तर वाद घालायला तुमच्याकडे आकडाच नसतो. विमानात नेणार असाल तर नाव आणि क्षमता नीट छापलेला सेल घ्या. फुगलेला, चेपलेला सेल कुठल्याच बॅगेत चालत नाही.

बांधायचं कसं

लिथियम सेलबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: त्याची बाहेरची अख्खी धातूची डबी म्हणजे ऋण टोक. धन टोक फक्त वरची छोटी टिकली. मध्ये असतं पातळ प्लास्टिकचं वेष्टन. वरच्या कडेला ते फाटलं आणि खिशातली किल्ली टेकली की शॉर्ट. म्हणून सुटा सेल नाण्यांच्या कप्प्यात कधीच नको. प्लास्टिकची सेलची डबी थोड्या पैशांत मिळते. नसेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक सेल वेगळ्या पिशवीत ठेवा. नियमालाही हेच मान्य आहे.

सेल टॉर्चच्या आत असेल तर तो 'उपकरणातला' धरला जातो. पूर्ण बंद आणि चुकून सुरू होणार नाही अशी असेल तर ती टॉर्च नियमानं चेक-इनमध्येही चालते. तरी मी हातसामानच सांगेन. काही हजार लुमेनची टॉर्च बॅगेत बटण दाबलं जाऊन सुरू झाली, तर तिच्या तोंडाशी असलेला कपडा करपू शकतो. पाण्याखालच्या डायव्हिंग दिव्यांसाठी तर याच कारणानं वेगळा नियम आहे: विमान कंपनीची परवानगी, आणि सेल किंवा तापणारा भाग वेगळा.

यावर सोपा उपाय: मागचं झाकण पाव-अर्धा फेरा सैल करा. बऱ्याच चांगल्या टॉर्चच्या आट्यांवर अ‍ॅनोडायझिंग असतं, म्हणजे वीज न वाहू देणारा थर. झाकणाची कड नळीला घट्ट टेकते तेव्हाच सर्किट पूर्ण होतं. सैल केलं की तुटतं. बटण दाबून खात्री करा. सैल करूनही पेटत असेल तर तुमच्या टॉर्चच्या आट्या उघड्या धातूच्या आहेत, मग सेल काढूनच ठेवा. बटणानं होणारं लॉक असतंच, पण ते सॉफ्टवेअर आहे, आणि मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे मला आट्यांवर जास्त विश्वास आहे.

सेल पक्का बसवलेली, यूएसबीनं चार्ज होणारी टॉर्च याच नियमात येते. ती फोनही चार्ज करत असेल तर तिला पॉवर बँक समजूनच वागा: हातसामान, आणि विमानात तिच्यावर काही चार्ज करायचं नाही.

आकाराचं

काही 'टॅक्टिकल' टॉर्चच्या तोंडाला करवतीसारखे दाते असतात. जाहिरातीत ते आत्मसंरक्षणासाठी असतात, म्हणजे जवानालाही ते हत्यारच दिसणार. दातेरी कडं फिरवून निघत असेल तर काढून चेक-इनमध्ये टाका. हातभर लांब, जाड धातूची टॉर्च दंडुक्यात मोजली जाऊ शकते. तिचा सेल काढून हातात, नळी चेक-इनमध्ये. या बाबतीत शेवटचा शब्द तपासणाऱ्याचाच.

शॉक देणारी टॉर्च मात्र विसरा. लिथियम सेलवर चालणारी शॉकची हत्यारं हातसामानातही नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत.

नांदेडला उतरताना

कुरुंद्याला जवळचं विमानतळ नांदेडचं. अशा शहरांकडे बहुतेक छोटी विमानं येतात, आणि छोट्या विमानात वरचे कप्पेही छोटे. मग दारात किंवा शिडीपाशी 'ही बॅग खाली जाईल' म्हणून तुमची केबिन बॅग घेतली जाते. तुम्ही सगळं बरोबर केलेलं असतं, आणि सुटे सेल या शेवटच्या मिनिटाला मालाच्या कप्प्यात जायला निघतात. नियम इथेही तोच आहे: बॅग देण्याआधी सुटे सेल आणि पॉवर बँक काढून स्वतःजवळ ठेवायचे. म्हणून सेलची डबी बॅगेच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा.

ट्रेमध्ये टॉर्च लॅपटॉपशेजारी मोकळी ठेवा. बॅगेत खोल असली की एक्स-रेमध्ये धातूची नळी आणि आत भरीव काहीतरी, एवढंच दिसतं. बाजूला घेतलंच तर 'टॉर्च आहे' म्हणून परवानगी घेऊन पेटवून दाखवा, जमिनीकडे धरून आणि सगळ्यात कमी प्रकाशावर. समोरच्याच्या डोळ्यांत दोन हजार लुमेन मारून कुणाचंच काम सोपं होत नाही. सेलबद्दल विचारलं तर छापलेला आकडा दाखवा आणि वॅट-अवर सांगा. आणि सोडायला आलेल्या भावाला तपासणी पार होईपर्यंत बाहेर थांबवून ठेवा. टॉर्च नाहीच सोडली, तर ती त्याच्या हातात देऊन यायला जागा राहते, आणि पुढच्या वेळी गावाकडे येणारा कुणीतरी ट्रॅव्हल्सनं ती घेऊन येतो.