कप्तानाचा खाडा

डिकी लॉकवुड यॉर्कशायरचा. जन्म १८६७ सालचा. घरची इस्टेट नाही, पोट हातावर. अंगाने ठेंगणा, पण रग्बीत तरबेज. १८८७ ते १८९४ या काळात तो इंग्लंडतर्फे चौदा सामने खेळला, आणि १८९४ साली बर्कनहेड येथे वेल्सविरुद्ध इंग्लंडचा कप्तान म्हणून उतरला. एरवी हा मान बहुधा बड्या शाळांतून आलेल्या मंडळींचा!

मोबदला मात्र काही नाही. खेळ हौशी, सामना परगावी, आणि मजुरी बुडे. आमच्या गिरणगावात याला खाडा म्हणतात. वकील-डॉक्टरांना एका दिवसाचा खाडा बोचत नाही. मजुराच्या चुलीला तो कळतो. १८९३ साली लंडनच्या सभेत यॉर्कशायरवाल्यांनी मागितले ते एवढेच : पगार नको, बुडालेली मजुरी भरून द्या. ठराव १३६ विरुद्ध २८२ मतांनी पडला. पैशाने खेळ बाटेल, असे विरोधकांचे म्हणणे. वाटाघाटींच्या टेबलाशी या जातीचे युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकले आहेत.

अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब फुटून निघाले. त्यांनी ‘नॉर्दर्न युनियन’ स्थापली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत खाडाभरपाई मान्य केली. लॉकवुड वेकफील्ड ट्रिनिटीतर्फे त्या बाजूला गेला. तिकडे गेलेल्यांना जुन्या संघटनेचे दार बंद झाले. मग तो इंग्लंडचा कप्तान का असेना. १९१५ साली तो वारला. खेळाडूंना उघडपणे पैसे देण्याची मुभा जुन्या रग्बीने दिली ती १९९५ च्या ऑगस्टात.