पास झालेले क्रियापद

इंग्रजीच्या तासाला मास्तरांचा जीव घेणारी क्रियापदे बहुधा आखूड असतात. सेट, रन, गेट, टेक! एकेकाचे अर्थ सांगू लागावे तर घंटा होते आणि अर्थ उरतातच. त्यांच्याच गोतातला ‘पास’ मात्र वहीतून निसटला आणि गिरगाव-परळच्या चाळींत बिऱ्हाड करून राहिला.

त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाऊल. फ्रेंचांच्या घरून इंग्रजांकडे येईपर्यंत तो पुढे जाणे, ओलांडणे असा झाला. आता मराठीला या कामी शब्दांचा तोटा होता असे नाही. आपली वेळ सरते, नाणे चालते, नदी ओलांडता येते. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीच निघाला होता. मग हा पाहुणा लागला कशाला? माझ्या मते त्याचे उत्तर १८५७ सालात आहे. त्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक, वागळे हे पहिले बी. ए. झाले. पंतोजी पूर्वीही होते, त्यांच्या छड्याही होत्या. पण साऱ्या मुलांपुढे एकच कागद ठेवून, काही उंबऱ्याच्या आत नि काही बाहेर, हा निवाडा नवा. नव्या निवाड्याबरोबर शब्दही नवा आला.

आपण व आपल्या गुजराती शेजाऱ्यांनी त्यावर ताण केली. नालायक, नाराज यांतले फारसी ‘ना’ उचलून इंग्रजी ‘पास’ला जोडले आणि ‘नापास’ घडवला! इंग्रजाला तो ठाऊक नाही. सरकारी कागदावर ‘अनुत्तीर्ण’ छापतात. गंमत अशी, की ‘उत्तीर्ण’ म्हणजेही तरून पलीकडे गेलेला. संस्कृत आणि लॅटिन पंडित शेवटी एकाच नदीकाठी आले म्हणायचे. पण निकालाच्या दिवशी चाळीच्या गॅलरीत कोणी ‘अनुत्तीर्ण’ म्हणत नाही. ‘नापास’ म्हणतात, आणि आवाज खाली आणून म्हणतात.

मराठीने त्याला एकट्याने चालू दिले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. ‘पोरगा पास झाला’ म्हटले की श्रेय देवाचे; ‘परीक्षा पास केली’ म्हटले की पोराचे; आणि ‘मास्तरांनी पास केले’ म्हटले की लोक मास्तरांकडे वळून पाहतात.

पुढे तो नाम होऊन खिशातही शिरला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गाडी गेली. आज दादरच्या जिन्यावर अर्धी मुंबई महिन्याच्या पासावर धावते. बँकेचे पासबुक, गिरणीचा गेटपास, नाटकाचा फुकट पास (फुकट पासवाल्याला नाटक सहसा आवडत नाही, हा माझा अनुभव!). आणि १९६० साली मुंबई पुनर्रचनेचे विधेयक संसदेत पास झाले, तेव्हा या दोन अक्षरांसाठी फ्लोरा फाउंटनपाशी लोकांनी गोळ्या झेललेल्या होत्या.

लालबाग-परळात मात्र हा शब्द फार दिवस हलका होता. गिरणीत चिकटायला मॅट्रिकचा कागद लागत नसे; बाप किंवा गाववाला शब्द टाकी आणि पोरगा बदलीवर लागे. नापास पोराच्याही ताटात भात पडे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे एकेक भोंगा कायमचा थांबला. नाक्यावर उभे राहून ज्याला ‘टाइमपास’ म्हणतात तो तेव्हा पुष्कळ घरांत हौसेचा नव्हता. दुसरीकडे, ज्या दारावर नोकरी मागायला जावे तिथे विचारणा एकच: दहावी पास आहे का? माझ्या वर्गातल्या कितीक मुलांचे आजोबा त्या संपातले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवू नये असे ठरवले, २०१९ साली दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीला ती मुभा राज्यांना परत मिळाली. पण निकालपत्रक घ्यायला आलेल्या आजीला कलमे कळत नाहीत. ती फक्त माझ्या तोंडाकडे पाहते.

इंग्रजीत माणूस मेला तरी ‘पास’च होतो. हा अर्थ मात्र आपण उंबऱ्यावरूनच परत पाठवला. आपली माणसे वारतात, जातात, फार तर त्यांना देवाज्ञा होते. परळच्या इस्पितळातून छातीवर टाके घेऊन परतलेले आमचे शेजारी जिना चढता चढता मला म्हणाले, “मास्तर, बायपास पास झालो!”