काचेच्या टाकीतला सूर्य : मत्स्यालयाच्या दिव्याची पावणेदोनशे वर्षे (थ्रेड)

१/
घरातल्या मत्स्यपेटीवरचा जुना ट्यूबलाइटचा हूड उघडून त्यात एलईडी बसवणे, हे आज एखाद्या दुपारचे काम समजले जाते. परंतु त्या झाकणाखाली रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. हा दिवा नेमका कोणासाठी जळतो, पाहणाऱ्यासाठी की पाण्यातल्या जीवांसाठी, या एका प्रश्नाभोवती तो फिरतो.

२/
आरंभ होतो तो दिव्यापासून नव्हे, वनस्पतीपासून. १७७९ मध्ये डच वैद्य यान इंगेनहाउझ याने दाखवून दिले की, वनस्पतीचे हिरवे भाग हवा शुद्ध करतात ते केवळ उजेडात. अंधारात ही क्रिया थांबते. मत्स्यालयाच्या प्रकाशाचा सारा विचार पुढे याच शोधावर उभा राहिला.

३/
१८४९ मध्ये लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने सुमारे १२ गॅलनच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. सडणारी पाने पाणी गढूळ करू लागली, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. मासे, वनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल साधला. १८५० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

४/
या समतोलातला चौथा भागीदार होता सूर्यप्रकाश. तो फुकट होता, पण लहरी होता. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या दिसू लागल्या. त्या खिडकीशी ठेवल्या जात. उन्हाळ्यात पाणी तापे, शेवाळाने हिरवेगार होई आणि मासे मरत.

५/
म्हणजे अडचण प्रकाशाच्या अभावाची नव्हती, बेसुमार प्रकाशाची होती. विल्यम आल्फर्ड लॉइड याने यावर उपाय शोधला. हॅम्बुर्ग (१८६४) आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मत्स्यालयांच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता. पाण्याचा मोठा साठा अंधाऱ्या हौदात ठेवायचा आणि तेच पाणी टाक्यांतून फिरवत राहायचे, ही त्याची पद्धत. अंधारात शेवाळ वाढत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व.

६/
मग आला विजेचा दिवा. आता उजेड माणसाच्या हाती आला. पण साध्या तापदीप दिव्यात ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. टाकीवर ठेवलेला असा दिवा उजेडापेक्षा शेगडीचेच काम अधिक करी. मासे दिसत, वनस्पती मात्र खुरटत.

७/
१९३८ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने फ्लुरोसंट नळी बाजारात आणली. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की अतिनील किरण निघतात. काचेला आतून लावलेला प्रस्फुरक लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. उष्णता कमी, वीज कमी आणि आकार लांबट, अगदी आयताकृती टाकीला शोभेल असा. पुढची अनेक दशके हीच नळी मत्स्यपेटीचा सूर्य होती.

८/
नळ्यांवरची टी१२, टी८, टी५ ही नावे अनेकांना कोड्यासारखी वाटतात. त्यांतला आकडा म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या आठव्या भागांत मोजलेला. टी१२ म्हणजे दीड इंच, टी८ म्हणजे एक इंच, टी५ म्हणजे पाच अष्टमांश इंच. जुना हूड कोणत्या पिढीचा आहे, हे या आकड्यावरून ओळखता येते.

९/
याच काळात, १९५१ मध्ये, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातले मासे जिवंत पाहिले ते येथेच. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा टाक्यांवर एलईडी दिवे आले होते. या दोन वर्षांच्या दरम्यान प्रकाशविज्ञानात फार मोठी उलथापालथ झाली होती.

१०/
त्या उलथापालथीमागे प्रवाळाचीही एक गरज होती. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि तेच त्याला अन्न पुरवते. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. खोलवर पोहोचतो तो निळा. म्हणून प्रवाळ पाळणाऱ्यांना तीव्र आणि निळसर प्रकाश हवा होता. साध्या नळ्या अपुऱ्या पडत, म्हणून २५० वा ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे टांगले जाऊ लागले. पण ते इतके तापत की पाणी गार ठेवण्यासाठी वेगळे यंत्र बसवावे लागे. तापदीपाच्या काळातली अडचण अशी पुन्हा उंबरठ्यावर आली.

११/
उत्तर अर्धवाहकांत दडले होते. १९६२ मध्ये निक होलोन्याक याने दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी बनवला. पण निळा एलईडी तीन दशके हुलकावणी देत राहिला. आणि निळ्यावाचून पांढरा प्रकाश अशक्य होता. जपानमध्ये इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवण्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. १९९३ मध्ये नाकामुराने प्रखर निळा एलईडी जाहीर केला. २०१४ मध्ये तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

१२/
पांढरा एलईडी म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप. सुमारे ४५० नॅनोमीटरच्या याच निळ्या पट्ट्यात वनस्पतींची हरितद्रव्ये आणि प्रवाळातील शैवाल प्रकाश चांगला शोषतात. घरे उजळण्यासाठी झालेला शोध टाकीतल्या जीवांच्या गरजेशी असा जुळून आला.

१३/
तरीही बाजाराची वाट सरळ नव्हती. अमेरिकेत २००७ मध्ये ऑर्बिटल टेक्नॉलॉजीज या कंपनीला सागरी मत्स्यालयांच्या एलईडी प्रकाशयोजनेचे पेटंट मिळाले आणि सुरुवातीच्या तयार दिव्यांपैकी काहींवर कायद्याचे सावट पडले. छंदिष्टांना मात्र सुटे एलईडी, ड्रायव्हर आणि अॅल्युमिनियमची पट्टी मिळतच होती. जुना हूड उघडून त्यात नवा दिवा बसवण्याची परंपरा अशा हातांनी रुजवली.

१४/
या कामात काय घडते? प्रथम वीज तोडून नळी, स्टार्टर आणि चोक काढले जातात. चोक नळीतील प्रवाह आवरण्यासाठी असतो. एलईडीला हवा असतो स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर. नळीसारखी दिसणारी तयार एलईडी नळी घेतली, तरी ती चोकसह चालते की चोकविना, हे तिच्यावर वाचून घेणे अनिवार्य ठरते.

१५/
'एलईडी तापत नाही' हा समज अर्धसत्य आहे. त्याचा उजेड थंड असतो, पण चिपची पाठ तापते आणि तापत राहिली की चिपचे आयुष्य घटते. म्हणून पट्ट्या अॅल्युमिनियमच्या चॅनेलवर बसवतात आणि हूडमध्ये हवा खेळती ठेवतात. जुन्या बंद प्लॅस्टिकच्या हूडमध्ये नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या लवकर मंदावतात, त्याचे कारण हेच.

१६/
पाणी आणि २३० व्होल्ट यांची जवळीक जीवघेणी असते. खाऱ्या पाण्याची वाफ तर तांब्याचे जोड कुरतडते. जाणकार ड्रायव्हर हूडबाहेर, कोरड्या जागी ठेवतात; दिव्याखाली अॅक्रिलिकचे आवरण बसवतात; तार प्लगच्या खाली झोळ देऊन नेतात, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत न जाता तेथेच गळते. जोडणीला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असावे. वायरिंगचे ज्ञान नसेल, तर ते इलेक्ट्रिशियनकडे सोपवणेच शहाणपणाचे.

१७/
नवा दिवा लागल्यावर खरी कसोटी सुरू होते. मंद नळीला सरावलेल्या प्रवाळावर एकाएकी प्रखर एलईडी पडला, तर तो आपल्यातले शैवाल गमावतो आणि पांढरा पडतो. गोड्या पाण्याच्या टाकीत तोच अतिरेक शेवाळाला आमंत्रण देतो. म्हणून तीव्रता काही आठवड्यांत हळूहळू वाढवली जाते. खिडकीतल्या उन्हाने व्हिक्टोरियन टाक्यांना दिलेला धडा आजही तोच आहे.

१८/
उरतो प्रश्न काढलेल्या नळीचा. तिच्यात पारा असतो, आणि पाऱ्याचा माशांशी असलेला संबंध इतिहासात फार काळा आहे. जपानच्या मिनामाता उपसागरात कारखान्याने सोडलेला पारा माशांत साचला आणि मासे खाणाऱ्या माणसांना विलक्षण मज्जाविकार जडला. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. मृत्यू आणि अपंगत्वाची मालिका पुढे कित्येक वर्षे चालली.

१९/
त्याच गावाचे नाव घेतलेला पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला. २०२३ मध्ये सदस्य देशांनी सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या फ्लुरोसंट नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ च्या अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले. भारताच्या ई-कचरा नियमांतही पारायुक्त दिवे येतात. म्हणून जुनी नळी न फोडता ई-कचरा संकलनाकडे देणे, हा या कामाचा शेवटचा आणि चुकवता न येणारा टप्पा आहे.

२०/
वॉरिंग्टनच्या काचपात्राला खिडकी पुरली. त्यानंतर तापदीप आला, पाऱ्याची नळी आली, मेटल हॅलाइड आला, एलईडी आला. दर वेळी माणसाला अधिक उजेड मिळाला आणि दर वेळी तो किती द्यावा, हे नव्याने शिकावे लागले. जुन्या हूडमध्ये नवा दिवा बसवणाऱ्या हातांपुढेही हाच हिशेब आहे. टाकीतल्या जीवांना स्वतःचा सूर्य निवडता येत नाही. तो त्यांच्यासाठी दुसरे कोणीतरी निवडत असते.