वीजबिल, हप्ते आणि सवलत

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. मी कामगार संघटनेत वाढलेला माणूस. मला विजेच्या बिलातही इतिहास दिसतो. पगार महिन्याने येतो आणि बिलही महिन्याने येते. ही जोडी जुळली तर बेताचा संसारही कसाबसा निभतो. २०२० साली ती तुटली.

आपल्या सदरची हकीकत घ्या. २०११ मध्ये नागपुरातील सिव्हिल लाइन्स, महाल व गांधीबाग या विभागांतील वीजवितरण खाजगी फ्रँचायझीकडे गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा महावितरणकडे आले. सहा महिने होतात न होतात तोच टाळेबंदी लागली. घरोघरचे मीटर वाचणे थांबले. एप्रिल-मेची बिले सरासरीने निघाली, आणि ती सरासरी हिवाळ्याच्या महिन्यांची! नागपूरचा उन्हाळा काय असतो हे मी तुम्हांला सांगावे असे नाही. माणसे घरात कोंडलेली, कूलर दिवसरात्र चालू. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाले आणि राहिलेला सारा फरक एकाच बिलात उतरला. युनिटे महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ दिला आहे, असा महावितरणचा खुलासा होता. हिशेब बरोबर असेलही. पण तीन महिने कमाई नसलेल्या घराला बरोबर हिशेबही भरता येत नाही.

दुकानदाराची अडचण निराळी. दुकानाला कुलूप असले तरी स्थिर आकार चालूच राहतो. वीज नियामक आयोगाने ३० मार्च २०२० च्या आदेशात उद्योग व व्यापारी ग्राहकांना तो तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली. पुढे ढकलण्याची, माफीची नव्हे. हा भेद पुष्कळांच्या ध्यानात उशिरा आला.

घरगुती ग्राहकांना तीन हप्ते मिळाले. एकरकमी भरणाऱ्यास दोन टक्के सूट. यापलीकडे सवलतीचे आश्वासन होते. नोव्हेंबरमध्ये ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी, तेही नागपूरचेच, बिले भरावीच लागतील असे सांगितले. मंत्र्यांना दोष देऊन आपण मोकळे होतो. परंतु वीज कायदा, २००३ चे कलम ६५ असे आहे की, सरकारला कोणास स्वस्त वीज द्यावयाची तर त्याची रक्कम सरकारने आगाऊ भरली पाहिजे. तिजोरीतून पैसा निघाला नाही तर घोषणा कागदावरच राहते. २००४ मध्ये निवडणुकीपूर्वी शेतीला मोफत वीज जाहीर झाली. २००५ मध्ये ती मागे घेण्यात आली. म्हणून सवलत मागणाऱ्याने "किती?" याआधी "कोण भरणार?" हे विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही बोनस मागतानाही ताळेबंद वाचूनच जातो.

मार्च २०२२ ची विलासराव देशमुख अभय योजना व्याज व विलंब आकार माफ करणारी होती, पण ज्यांची वीज कायमची तोडली गेली होती त्यांच्यासाठी. तोडण्यापूर्वीच्या माणसाला आधार आहे तो कलम ५६ चा. वीज तोडण्यापूर्वी पुरे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी ती हक्क राखून भरावी. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तेव्हा नोटीस आली तर ती रद्दीत टाकू नका. तिच्यावरची तारीख पाहा, आणि पैसे भरताना अर्जावर "हक्क राखून" एवढे दोन शब्द लिहून पोच घ्या.