पीएम-वाणी केंद्रासाठी वाय-फाय अँटेना सुरक्षितपणे कसा बसवावा?

गावात किंवा वस्तीत कमी दरात इंटरनेट मिळावे, यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. या योजनेत किराणा दुकानदार, चहावाला, सामायिक सेवा केंद्र चालवणारी व्यक्ती किंवा बचत गट आपल्या जागेत सार्वजनिक वाय-फाय केंद्र सुरू करू शकतात. अशा केंद्राला पब्लिक डेटा ऑफिस (पीडीओ) म्हणतात. केंद्राचा उपयोग किती लोकांना होईल, हे बरेचसे अँटेना कोठे आणि कसा बसवला यावर अवलंबून असते. अँटेना उंचावर चढवताना विजेच्या तारेला खांब लागणे किंवा पत्र्यावरून पडणे असे अपघात होऊ शकतात. चांगला सिग्नल आणि सुरक्षितता दोन्ही कशी साधावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

योजनेतील आवश्यक बाबी

• पीडीओ सुरू करण्यासाठी परवाना, दूरसंचार विभागाकडे नोंदणी किंवा सरकारी शुल्क लागत नाही. परवाना काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.
• पीडीओला एखाद्या नोंदणीकृत पब्लिक डेटा ऑफिस ॲग्रिगेटरशी (पीडीओए) जोडून घ्यावे लागते. ग्राहकांचे लॉगिन आणि हिशेब यांची व्यवस्था पीडीओए पाहतो.
• वाय-फाय यंत्र पीएम-वाणीशी सुसंगत आहे का, हे खरेदीपूर्वी पीडीओएकडून तपासून घ्यावे.
• वाय-फायसाठी वापरल्या जाणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला परवाना लागत नाही, पण मर्यादा आहेत. रेडिओची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनासह एकूण प्रभावी शक्ती ४ वॅट (३६ डीबीएम) आणि अँटेनाची उंची इमारतीच्या छतापासून ५ मीटरच्या आत असावी लागते. उदा. रेडिओ २४ डीबीएम आणि अँटेना १२ डीबीआय असेल, तर बेरीज ३६ होते. याहून मोठा अँटेना जोडायचा असल्यास रेडिओची शक्ती कमी करावी लागते.
• मोबाइल कंपनीचा सिग्नल वाढवणारे बूस्टर किंवा रिपीटर विनापरवाना बसवणे बेकायदेशीर आहे. त्यामुळे परिसरातील इतरांच्या मोबाइल सेवेतही अडथळा येतो. वाय-फायचा अँटेना आणि मोबाइल बूस्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

अँटेना जितका उंच तितका सिग्नल चांगला का?

असा समज सर्वत्र आहे, पण तो पूर्ण खरा नाही. सर्व दिशांना सिग्नल देणारा जास्त क्षमतेचा अँटेना आपला सिग्नल चपट्या चकतीसारखा आडवा पसरवतो. तो तिसऱ्या मजल्यावर बसवला, तर सिग्नल खाली बाकावर बसलेल्या ग्राहकाच्या डोक्यावरून निघून जातो. दुसरे म्हणजे, ग्राहकाच्या मोबाइलचा सिग्नलही केंद्रापर्यंत परत पोहोचावा लागतो. मोबाइलची शक्ती कमी असते. त्यामुळे केंद्राची शक्ती कितीही वाढवली, तरी लांबच्या मोबाइलवर नुसत्या सिग्नलच्या काड्या दिसतात आणि इंटरनेट चालत नाही.

चौक, बाजार किंवा शाळेसमोरची जागा व्यापायची असेल, तर जमिनीपासून ३ ते ५ मीटर उंची बहुतेक ठिकाणी पुरेशी असते. ग्राहक आणि अँटेना यांच्यामध्ये अडथळा नसणे उंचीपेक्षा महत्त्वाचे आहे. लोखंडी पत्रा, सिमेंट काँक्रीटची भिंत, पाण्याची टाकी आणि झाडांची ओली पाने सिग्नल अडवतात. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या झाडामागून मिळणारा सिग्नल पावसाळ्यात कमी होऊ शकतो.

जागा निवडण्याची पद्धत

१. ग्राहक प्रत्यक्ष कोठे बसतात किंवा उभे राहतात, अशा पाच-सहा जागा ठरवाव्यात.
२. भिंतीला छिद्र पाडण्याआधी यंत्र खिडकीत किंवा गॅलरीत तात्पुरते ठेवून सुरू करावे.
३. मोबाइलवर वाय-फायची तीव्रता दाखवणारे ॲप घेऊन ठरवलेल्या प्रत्येक जागी जावे. उणे ६५ डीबीएमच्या आसपास आकडा असल्यास सिग्नल चांगला समजावा. उणे ८० किंवा त्याहून कमी असल्यास जोडणी वारंवार तुटते. हे आकडे उणे असल्याने ६५ हा ८० पेक्षा चांगला.
४. प्रत्येक जागी एखादा व्हिडिओ चालवून पाहावा आणि एक फोटो पाठवून पाहावा. फोटो जात नसेल, तर मोबाइलचा सिग्नल केंद्रापर्यंत पोहोचत नाही असे समजावे.
५. आसपास इतर वाय-फाय असल्यास २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल निवडावे.
६. एका यंत्राने जागा व्यापत नसेल, तर खांब उंच करण्याऐवजी दुसरे छोटे यंत्र बसवावे.

विजेच्या तारांपासून अंतर

हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. खांब उभा करताना तोल जाऊन तो कोणत्याही बाजूला पडला, तरी विजेच्या तारेला लागता कामा नये. त्यासाठी खांब आणि अँटेना यांच्या एकूण लांबीच्या किमान दीडपट अंतर सर्व बाजूंनी मोकळे हवे. उदा. एकूण लांबी ४ मीटर असेल, तर ६ मीटरच्या आत वीजवाहिनी नसावी. तेवढी जागा नसेल, तर खांब न लावता अँटेना थेट भिंतीवर बसवावा.

• छतावरून जाणारी घराची सर्व्हिस वायरही तार समजावी. तिचे आवरण उन्हाने तडकलेले असू शकते.
• ११ केव्ही वाहिनीच्या तारांना बहुधा आवरण नसते. तिच्या फार जवळ गेल्यास स्पर्श न होताही झटका बसू शकतो.
• विजेच्या खांबावर अँटेना किंवा केबल बांधू नये.

बसवण्याचे काम

काम दोघांनी मिळून, कोरड्या हवामानात आणि दिवसा करावे. वारा, पाऊस किंवा ढगांचा गडगडाट असल्यास काम पुढे ढकलावे.

१. यंत्राचा वीजपुरवठा बंद करावा. भिंतीला छिद्र पाडायच्या जागी आतून वायरिंग गेलेले नाही याची खात्री करावी.
२. शिडी ४ मीटर उंच टेकत असेल, तर तिचा पाया भिंतीपासून १ मीटर दूर ठेवावा. दुसऱ्या व्यक्तीने शिडी धरावी. तारांच्या जवळपास ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये. ओला बांबूही विजेचा वाहक होतो.
३. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये. तो अचानक फुटतो.
४. खांबासाठी गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप वापरावा आणि तो पक्क्या भिंतीला दोन क्लॅम्पने बसवावा. दोन क्लॅम्पमध्ये किमान ६० सेंमी अंतर असावे. कठड्याची कच्ची वीट किंवा प्लास्टिकची टाकी यांचा आधार घेऊ नये.
५. अँटेना जमिनीवरच खांबाला जोडून घ्यावा, म्हणजे उंचावरचे काम कमी होते.
६. उन्हापावसात टिकणारी, शुद्ध तांब्याची, बाहेरच्या वापराची कॅट-६ केबल घ्यावी. यंत्रापर्यंतची केबल १०० मीटरपेक्षा लांब असू नये. ती विजेच्या वायरसोबत एकाच पाइपमधून नेऊ नये.
७. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा. पावसाचे पाणी त्या झोळावरून ठिबकते आणि केबलवरून आत येत नाही.
८. केबलमधून वीज देणारा पीओई ॲडॉप्टर घराच्या आत, कोरड्या जागी ठेवावा.

वीज कोसळण्यापासून संरक्षण

छतावरील धातूचा खांब अर्थिंगला जोडणे आवश्यक आहे. त्यासाठी किमान १६ चौरस मिमी जाडीची तांब्याची तार वापरावी आणि ती शक्य तितक्या सरळ मार्गाने खाली आणावी. खांबासाठी वेगळा अर्थ पिट केल्यास तो घराच्या मुख्य अर्थिंगशी जोडावा. दोन अर्थिंग सुटे राहिल्यास वीज कोसळताना त्यांच्यातील दाबाचा फरक यंत्रातून आणि माणसातून जाऊ शकतो. केबल घरात शिरते तेथे सर्ज प्रोटेक्टर बसवून तोही अर्थिंगला जोडावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

अर्थिंगमुळे हानी कमी होते, धोका पूर्ण टळत नाही. त्यामुळे विजा चमकू लागण्यापूर्वी पीओई ॲडॉप्टरचा प्लग आणि केबल काढून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोफत ॲप आसपासच्या विजांची सूचना देते.

अपघात झाल्यास

• खांब तारेला चिकटला असेल किंवा कोणाला झटका बसत असेल, तर त्या व्यक्तीला, खांबाला किंवा शिडीला हात लावू नये.
• घरातील वीज असल्यास मुख्य स्विच बंद करावा. बाहेरची वाहिनी असल्यास सर्वांना लांब ठेवून १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर आणि ११२ वर कळवावे.
• पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच जवळ जावे. श्वास बंद असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे ५ सेंमी खोल दाब द्यावेत आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

देखभाल

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर क्लॅम्पचे नट, गंज, केबलचे आवरण आणि अर्थिंगची जोडणी तपासावी. ठरवलेल्या पाच-सहा जागी सिग्नल पुन्हा मोजून आकडे वहीत लिहून ठेवावेत. आकडा घसरला असेल, तर आधी वाढलेल्या फांद्या आणि सैल झालेली जोडणी पाहावी. वीजवाहिनीला टेकलेली फांदी स्वतः तोडू नये; वीज वितरण कंपनीला कळवावे.