माडी
माडाच्या (नारळाच्या) न उमललेल्या फुलोऱ्यातून पाझरणारा गोड रस आंबून तयार होणारे सौम्य मद्य. ताडापासून ताडी, शिंदीपासून शिंदी, तशी माडापासून माडी, असे हे नामकरण वृक्षांवरून झाले आहे. गोव्यात माडीस ‘सूर’ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, गुहागर व रत्नागिरी या तालुक्यांच्या किनाऱ्यावर माडांची आगरे असून, तेथे माडी काढण्याचा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाकडे होता. ‘भंडारी’ हे नाव मंडहारक (मद्य गाळणारा) या शब्दावरून आले असावे, असे काही अभ्यासक मानतात. इतर काही ते भांडागारिक (कोठाराचा रक्षक) या शब्दाशी जोडतात.

माडाचा फुलोरा ज्या जाड आवरणात असतो, त्यास पोय म्हणतात. ती उमलण्यापूर्वी दोरीने घट्ट बांधतात, काही दिवस हलकेच ठोकतात आणि नंतर टोक कापून त्याखाली मडके अडकवितात. टोकाचा पातळ काप रोज सकाळ-संध्याकाळ धारदार कोयत्याने काढावा लागतो. तो न काढल्यास पाझर आटतो. ठोका हलका पडल्यास रस येत नाही व जोराचा बसल्यास पोय वाया जाते. हा अंदाज हातालाच असतो व तो पाहून आणि करूनच शिकावा लागतो. छेदलेल्या पोयीस नारळ धरत नाहीत. त्यामुळे माड माडीसाठी द्यावयाचा की फळांसाठी राखावयाचा, हा आगराच्या मालकापुढील जुना प्रश्न होय.

ताज्या रसात सु. १२ ते १५ टक्के शर्करा असते. हवेतील व जुन्या मडक्यातील यीस्टमुळे तो मडक्यातच आंबू लागतो आणि दिवसभरात मद्यार्काचे प्रमाण सु. ४ ते ६ टक्क्यांपर्यंत जाते. पुढे ॲसिटिक अम्ल वाढून माडी आंबट होते व अखेर तिचा शिर्का बनतो. मडक्यास आतून चुना लावल्यास आंबण्याची क्रिया रोखली जाते. या गोड रसास नीरा म्हणतात. सकाळी गोड लागणारी माडी संध्याकाळी कडक होते व दुसऱ्या दिवशी पिण्याजोगी राहत नाही. त्यामुळे ती साठविता येत नाही व दूरही नेता येत नाही. पिणाऱ्यालाच आगरापर्यंत यावे लागते. तिच्या इतिहासातील बहुतेक पेच या एका गुणातून निर्माण झाले आहेत.

गोव्यात १५६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने माडाची सूर व तिच्यापासून गाळलेले मद्य यांचे वर्णन केले आहे. भंडारी समाज केवळ या धंद्यावर अवलंबून नव्हता. शेती व नौकानयन यांतही तो होता. शिवाजी महाराजांच्या आरमारातील मायनाक भंडारी याने १६७९ मध्ये खांदेरीच्या मोहिमेत भाग घेतला होता.

ब्रिटिश अमदानीत, १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माड छेदणे, मद्य गाळणे व विकणे यांसाठी परवाने आवश्यक ठरले. झाडागणिक कर बसला व गाळपाचे काम मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेले. सरकारच्या दृष्टीने मोजता व मोहोरबंद करता येणारे मद्य सोयीचे होते; घटकेगणिक बदलणारी माडी तशी नव्हती. परिणामी अनेक कुटुंबे मुंबईच्या गिरण्या, गोदी व बांधकाम यांकडे वळली. रत्नागिरीत १९३१ मध्ये सर्वांना खुले झालेले पतितपावन मंदिर बांधणारे भागोजीशेठ कीर हे याच समाजातील असून मुंबईतील बांधकाम व्यवसायात पुढे आले होते.

मुंबई शहरात १९३९ मध्ये दारूबंदी झाली. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम व १९५० ची संपूर्ण राज्यातील दारूबंदी यांमुळे माडीचा धंदाच बेकायदेशीर ठरला. व्यसनाने उद्ध्वस्त होणाऱ्या घरांची चिंता या धोरणामागे होती व ती रास्तच होती. मात्र गावठी हातभट्टी चोरून चालू राहिली आणि दिवसातून दोनदा सर्वांसमक्ष माडावर चढणाऱ्याला लपणे शक्य नव्हते. १९६० नंतर धोरण टप्प्याटप्प्याने शिथिल झाले व परवान्यावर विक्री पुन्हा सुरू झाली. परंतु मधल्या काळात हस्तकौशल्याची परंपरा बरीच विरळ झाली होती. शहरांतील विक्रीत क्लोरल हायड्रेटसारख्या घातक द्रव्यांची भेसळ आढळू लागल्याने माडी-ताडीची प्रतिष्ठाही ढासळली. केरळात मात्र ताडी कामगारांसाठी १९६९ मध्ये कल्याणनिधीचा कायदा झाला व तेथे हा व्यवसाय संघटित राहिला.

इतरत्रही पिंपातच आंबत राहणाऱ्या पेयांवर अशीच वेळ आली. ब्रिटनमधील पारंपरिक ‘एल’ बिअर कारखानी मालापुढे मागे पडू लागली, तेव्हा आयर्लंडच्या केरी परगण्यातील डनक्विन येथील एका पबमध्ये १९७१ मध्ये चार इंग्रज प्रवाशांनी तिच्या रक्षणाची चळवळ सुरू केली. तिचे बळ ग्राहकांत होते. माडीच्या बाबतीत ग्राहकापेक्षा काढणारा महत्त्वाचा ठरतो. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून असलेल्या नारळ संशोधन केंद्रामुळे माडांच्या लागवडीस शास्त्रीय आधार मिळाला आहे. परंतु उंच माडावर दोन वेळा चढण्याचे जोखमीचे काम पत्करणारे हात उरले नाहीत, तर आगरे राहूनही माडी राहणार नाही.